एका ओळीची आज्ञा : पाठांतर की वाचन?

आपल्या महाविद्यालयीन प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला दिसतो : ‘खालील युनिक्स आज्ञांवर थोडक्यात टिपा लिहा.’ विद्यार्थी टिपा लिहितात. ‘एल-एस’चे आठ पर्याय, ‘ग्रेप’चे सहा, ‘सॉर्ट’चे पाच, असे सारे ओळीने उतरवले की गुण पदरात पडतात. परंतु त्याच विद्यार्थ्याला संगणकासमोर बसवून, ‘या यंत्रावरची जागा भरत आली आहे, ती कोणी व्यापली ते शोधून काढ,’ असे सांगितले की तो गोंधळतो. पर्याय सगळे ठाऊक असतात. पण त्यांतला कोणता केव्हा वापरायचा आणि एका आज्ञेचे उत्तर दुसरीच्या हाती कसे सोपवायचे, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. शब्दकोश तोंडपाठ, पण बोलता एकही वाक्य येत नाही, अशी ही अवस्था आहे.

दुसऱ्या बाजूला याच्या अगदी उलट प्रकार दिसतो. काही हुशार मुलांजवळ तयार ओळींची टिपणवही असते. ही ओळ दिली की जुन्या फाइली जातात, ती ओळ दिली की अडकलेला प्रोग्रॅम मरतो. ओळ चालते, पण का चालते हे सांगता येत नाही. एक जण सुटे शब्द पाठ करतो, दुसरा आख्खे मंत्र पाठ करतो. माझे म्हणणे असे की दोघेही एकाच रोगाचे बळी आहेत. युनिक्समधील एका ओळीची आज्ञा हा मंत्र नव्हे, ते एक वाक्य आहे. ते वाचता आले पाहिजे, मोडता आले पाहिजे आणि पुन्हा जुळवता आले पाहिजे. शिकवायचे ते हे, आणि परीक्षा घ्यायची ती याची.

(आज्ञांची नावे या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावी लागतात.)

हे वाक्यपण युनिक्समध्ये कोठून आले, ते आधी पाहू. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी या प्रणालीचा पाया घातला. त्याच संस्थेतील डग्लस मॅक्इलरॉय यांनी त्याच्याही पाच वर्षे आधी, 1964 साली, एका टिपणात एक कल्पना मांडली होती. बागेतील पाण्याच्या नळ्या जशा एकमेकींना जोडतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, अशी ती कल्पना. पुढे त्यांनी या गोष्टीचा पाठपुरावा सोडला नाही, आणि 1973 मध्ये थॉम्प्सन यांनी एका रात्रीत ‘पाइप’ची सोय युनिक्समध्ये घालून दिली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील मंडळी एका ओळीच्या आज्ञा रचण्याच्या अक्षरशः नादी लागली, असे मॅक्इलरॉय यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणजे ज्या ओळी आज आपण टिपणवहीत उतरवून घेतो, त्या मुळात पाठ करण्यासाठी जन्मल्याच नव्हत्या. त्या रोज नव्याने रचण्याच्या गोष्टी होत्या.

पाइप म्हणजे एक उभी रेघ. तिच्या डावीकडील प्रोग्रॅम जे लिहील ते उजवीकडील प्रोग्रॅम वाचील, एवढाच तिचा अर्थ. आपल्या भागात गुऱ्हाळ न पाहिलेला विद्यार्थी विरळा. चरकावरचा माणूस ऊस घालतो, त्याचा रस काहिलीत जातो, काहिलीजवळचा माणूस मळी काढतो, आणि आटलेला रस शेवटी साच्यात पडून त्याची ढेप होते. चरकवाल्याला ढेप पाडता आली नाही म्हणून काही बिघडत नाही. आपला रस पुढे द्यायचा एवढे त्याला कळले की पुरे. युनिक्सच्या आज्ञा अशाच एकेका कामाच्या मानकरी आहेत. आणखी एक साम्य असे की हे सारे एकाच वेळी चालू असते. पहिला प्रोग्रॅम पूर्ण संपल्यावर दुसरा सुरू होतो, ही समजूत चुकीची आहे. दोघांच्या मध्ये एक लहानसा साठा असतो (लिनक्समध्ये तो सहसा 64 किलोबाइटांचा), तो भरला की पहिला थांबतो, रिकामा झाला की दुसरा थांबतो. ‘यस’ नावाची एक आज्ञा आहे. ती एकच अक्षर अनंत काळ छापत राहते. तिच्यापुढे रेघ देऊन ‘हेड’ ही आज्ञा जोडली की दहा ओळी दिसतात आणि दोन्ही प्रोग्रॅम संपतात. ‘हेड’चे काम झाल्यावर ती निघून जाते, आणि वाचणाराच उरला नाही हे कळताच ‘यस’ही संपते. पाच सेकंदांचा हा प्रयोग प्रक्रियांविषयीच्या दोन पानी टिपेपेक्षा अधिक शिकवतो.

आता एक प्रसिद्ध ओळ घेऊ. 1986 साली जॉन बेंटले यांनी आपल्या सदरात डोनाल्ड कनूथ यांना एक प्रश्न घातला : दिलेल्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द कोणते, ते संख्येसह काढून द्या. कनूथ यांनी आपल्या ‘साक्षर प्रोग्रॅमिंग’च्या पद्धतीने कित्येक पानांचा, अत्यंत देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे परीक्षण करण्यास सांगितले होते मॅक्इलरॉय यांना. त्यांनी त्याचे कौतुक तर केलेच, पण शेवटी सहा आज्ञांची एक साखळी दिली आणि काम एवढ्यातच होते हे दाखवले. ती साखळी अशी : पहिल्या आज्ञेने जे अक्षर नाही त्याच्या जागी नवी ओळ घालायची, म्हणजे प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर येतो. दुसरीने मोठी रोमन अक्षरे लहान करायची. तिसरीने शब्द अकारविल्हे लावायचे. चौथीने सारख्या ओळी एकत्र करून मोजायच्या. पाचवीने त्या संख्येप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायच्या. सहावीने वरच्या हव्या तेवढ्या ठेवून बाकीच्या सोडायच्या.

या प्रसंगावरून ‘कनूथ हरले, युनिक्स जिंकले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई काहीजण करतात. ती करू नये. कनूथ यांना त्यांची पद्धत दाखवायलाच सांगितले होते, आणि मॅक्इलरॉय यांची ओळ लहान दिसते ती ‘सॉर्ट’सारखे भले मोठे काम आधी कोणीतरी करून ठेवले होते म्हणून. आपल्याला त्यातून घ्यायचे ते वेगळेच. ही सहा पावले म्हणजे मुळात विचाराची सहा पावले आहेत. ‘युनिक’ ही आज्ञा फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळीच ओळखते, म्हणून तिच्या आधी ‘सॉर्ट’ हवाच. ज्याला हे ‘का’ कळले त्याला ओळ पाठ करावी लागत नाही. ज्याला कळले नाही, त्याची ओळ एक दिवस चुकीची संख्या देईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही.

याचा पुरावा आपल्याच अंकात आहे. या नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्हींचा मजकूर एका फाइलीत घालून मॅक्इलरॉय यांची मूळ ओळ जशीच्या तशी चालवून पाहा. उत्तरात शब्द म्हणून काहीच हाती लागणार नाही. कारण उघड आहे. पहिल्या आज्ञेत ‘अक्षर’ म्हणजे फक्त रोमन वर्णमाला असे ठरलेले आहे, आणि तिच्या दृष्टीने आपली दोन्ही लिप्यांतील सारी अक्षरे म्हणजे काढून टाकायचा कचरा. मंत्र पाठ करणारा येथे थांबतो आणि ‘युनिक्सला मराठी येत नाही’ असे जाहीर करून मोकळा होतो. वाक्य वाचणारा पहिल्या कडीपाशी जातो आणि म्हणतो, अक्षर कोणते हे सांगण्याऐवजी शब्द कोठे तुटतो ते सांगू. मोकळी जागा आणि विरामचिन्हे जेथे येतील तेथे नवी ओळ घाल, असे ‘टी-आर’ या आज्ञेला सांगितले की काम भागते. दुसरी कडी तर काढूनच टाकता येते, कारण देवनागरीत आणि कन्नड लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. पुढचा भाग असा उरतो :

सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आर-एन | हेड

हे जमते याचे श्रेयही पुन्हा थॉम्प्सन यांच्याकडेच जाते, हा एक सुंदर योगायोग आहे. 1992 च्या सप्टेंबरात रॉब पाइक यांच्यासह न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात बसून त्यांनी यूटीएफ-8 ही अक्षरे साठवण्याची पद्धत आखली. तिच्यात इंग्रजीची जुनी चिन्हे एकेका बाइटात जशीच्या तशी राहतात, आणि इतर लिप्यांच्या अक्षरांच्या पोटात ती कधीच सापडत नाहीत. म्हणून मोकळ्या जागेवर शब्द तोडला तरी मराठी अक्षर मध्येच फाटत नाही. मात्र बाइट म्हणजे अक्षर नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘क्षि’ हे एक अक्षर घ्या. मोजणी करणारी ‘डब्ल्यू-सी’ ही आज्ञा बाइट मोजू लागली तर 12 म्हणेल, सांकेतिक चिन्हे मोजू लागली तर 4 म्हणेल, आणि आपण शाळेपासून त्याला एक म्हणत आलो आहोत. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रश्न कोणता विचारला ते महत्त्वाचे.

एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. आलेली यादी वाचा. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’ हे यंत्राने चार वेगळे शब्द धरलेले असतील. कन्नडमध्येही ‘मने’, ‘मनेयल्लि’, ‘मनेगे’, ‘मनेयिंद’ असेच वेगवेगळे पडतील. प्रत्यय शब्दाला जोडून लिहिणाऱ्या आपल्या भाषांची ही तऱ्हा इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेल्या ओळीला ठाऊक असण्याचे कारणच नाही. येथून पुढे भाषाशास्त्राचा विद्यार्थी आणि संगणकाचा विद्यार्थी एका बाकावर बसू शकतात. एका ओळीने एवढी वाट उघडली, पण ती वाचली म्हणून.

आता रोजच्या कामाकडे वळू. लेखाच्या आरंभीचाच प्रश्न घ्या : जागा कोणी व्यापली?

डी-यू -एस * | सॉर्ट -एन | टेल

‘डी-यू’ प्रत्येक फाइलीचा व डिरेक्टरीचा आकार सांगते, ‘सॉर्ट’ ते आकार चढत्या क्रमाने लावते, ‘टेल’ शेवटचे म्हणजे सर्वांत मोठे दहा दाखवते. मधला ‘-एन’ गाळून पाहा. मग 100 ही संख्या 9 च्या आधी येईल, कारण ‘सॉर्ट’ त्यांना संख्या न मानता शब्दांसारखे लावील, आणि 1 हे चिन्ह 9 च्या आधीचे आहे. ओळ चालेल, चूक कळवणारा संदेश येणार नाही, पण यादी खोटी असेल. संगणकाच्या सर्व चुकांत ही जात सर्वांत घातक, कारण ती गप्प असते.

किंवा असे समजा, की महिन्याहून जुन्या तात्पुरत्या फाइली काढून टाकायच्या आहेत. ‘फाइंड’ ही आज्ञा त्या शोधते :

फाइंड . -नेम '*.टी-एम-पी' -एमटाइम +30 -प्रिंट

येथे तीन गोष्टी वाचायच्या. नावाभोवतीची अवतरणचिन्हे शोभेची नाहीत. ती नसतील तर तारांकनाचा अर्थ ‘फाइंड’च्या हाती पोहोचण्यापूर्वी शेलच लावून टाकतो. ‘+30’ म्हणजे 30 पूर्ण दिवसांहून अधिक, अर्थात 31 किंवा त्याहून जास्त दिवस. आणि शेवटचा ‘प्रिंट’ म्हणजे फक्त दाखव. यादी डोळ्यांखालून घालावी, ती बरोबर आहे अशी खात्री पटल्यावरच ‘प्रिंट’च्या जागी ‘डिलीट’ लिहावे. तेही शेवटीच. कारण ‘फाइंड’ आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासते. ‘डिलीट’ हा शब्द नावाच्या अटीच्या आधी पडला, तर अट वाचली जाण्यापूर्वीच समोर येईल ते सर्व काही नष्ट होते. शब्द तेच, क्रम बदलला, आणि अनर्थ झाला. टिपणवहीतल्या ओळीत एखादा शब्द मागेपुढे झाला तर पाठांतरवाल्याला तो दिसणार तरी कसा?

तसेच ‘आर-एम’ म्हणजे काढून टाकण्याच्या आज्ञेचे. तारांकन आणि पुढचे ‘.बी-ए-के’ यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली, तर ‘जुन्या प्रती काढ’ याचा अर्थ ‘समोरच्या सर्व फाइली काढ’ असा होतो. त्यावर उपाय सोपा आहे. आज्ञेच्या आरंभी ‘एको’ हा शब्द लिहावा. मग यंत्र कृती करत नाही. तारांकनाचा विस्तार करून आपण काय करणार होतो ते छापून दाखवते. कृतीआधी दर्शन, हा नियम प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

कोणी म्हणेल, ही भीती नवशिक्यांची. तसे नाही. 1998 साली पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी 2’ हा चित्रपट तयार होत असताना कोणीतरी चुकीच्या जागी काढून टाकण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बहुतांश भाग पाहता पाहता नाहीसा झाला. राखीव प्रतीही सदोष निघाल्या. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत असल्यामुळे त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिने काम वाचवले. 2015 च्या जानेवारीत ‘स्टीम’ या खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तीत असाच दोष उघड झाला. तिच्या एका ओळीत डिरेक्टरीचे नाव ठेवणारा चल रिकामा राहिला की आज्ञेचा अर्थ ‘यंत्रावरील सर्व काही काढ’ असा होत असे. गंमत अशी, की ही ओळ भीतिदायक आहे अशी टीप लिहिणाऱ्याने तिच्या वरच लिहून ठेवली होती! आणि 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुसऱ्या सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने, मुख्य सर्व्हरवरील विदागाराची डिरेक्टरी काढायला घेतली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, पण तोवर सुमारे 300 गिगाबाइटांपैकी 4.5 उरले होते. राखीव प्रतींच्या अनेक पद्धती होत्या, आयत्या वेळी त्या निकामी ठरल्या; सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावले. त्या कंपनीने हा सारा वृत्तांत न लपवता प्रसिद्ध केला, हे तिला भूषणावह आहे.

या माणसांना आज्ञा येत नव्हत्या काय? उत्तम येत होत्या. गिटलॅबच्या प्रसंगात उणी पडली ती ‘मी आत्ता कोणत्या यंत्रावर आहे’ हे वाचण्याची एक क्षणाची सवय. ‘होस्टनेम’ ही आज्ञा ते एका शब्दात सांगते. ज्ञान आणि सवय यांत फरक आहे, आणि सवय लागायची ती विद्यार्थिदशेतच.

प्रक्रियांच्या बाबतीतही हाच न्याय. प्रोग्रॅम अडकला की ‘किल -9’ द्यायचे, हे आपल्याकडे प्रथम वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ‘किल’ या शब्दाचा अर्थ मुळात ‘संकेत पाठव’ असा आहे. नुसते ‘किल’ म्हटले की 15 क्रमांकाचा संकेत जातो. तो म्हणजे विनंती : आवरून घे आणि नीघ. सुज्ञ प्रोग्रॅम उघडलेल्या फाइली लिहून पूर्ण करतो, तात्पुरत्या फाइली पुसतो आणि थांबतो. 9 हा संकेत प्रोग्रॅमला मिळतच नाही. प्रणालीचा गाभाच त्याला उचलून बाहेर टाकतो, अर्धे लिहिलेले अर्धेच राहते. म्हणून आधी 15, थोडा वेळ वाट, आणि मग निरुपाय म्हणून 9. ‘झॉम्बी’ म्हणून दिसणाऱ्या प्रक्रियेला तर 9 देऊनही उपयोग नाही. ती आधीच मेलेली असते, तिच्या जन्मदात्या प्रक्रियेने तिची नोंद घ्यायची तेवढी राहिलेली असते. नावांच्या साम्यावरही विसंबू नये. ‘किलऑल’ ही आज्ञा लिनक्सवर दिलेल्या नावाच्या प्रक्रिया थांबवते. सोलारिस या युनिक्सवर तीच आज्ञा सगळ्या चालू प्रक्रिया थांबवण्यासाठी होती. एका यंत्रावरचा मंत्र दुसऱ्या यंत्रावर शाप ठरतो, तो असा.

फाइली आणि प्रक्रिया हे दोन विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले असतात. एक मोठी नोंद-फाइल काढून टाकली, ‘डी-यू’ला ती दिसत नाही, तरी ‘डी-एफ’ म्हणते की जागा भरलेलीच आहे. असे का? ‘आर-एम’ फाइलीचे नाव काढते. एखाद्या चालू प्रक्रियेने ती फाइल उघडून धरली असेल, तर नाव गेले तरी मजकूर राहतो, आणि ती प्रक्रिया फाइल बंद करीपर्यंत जागा सुटत नाही. कोणी धरली आहे ते ‘एल-एस-ओ-एफ’ ही आज्ञा सांगते. तोंडी परीक्षेला हा एक प्रश्न विचारावा. विद्यार्थ्याला विषय समजला की नाही ते दोन मिनिटांत कळते.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की चित्रांवर बोट ठेवून सारे काही करता येत असताना या काळ्या पडद्याची उठाठेव कशाला? दहा फाइलींना चित्रे पुरतात हे मान्य. दहा हजार फाइलींना बोटे पुरत नाहीत. शिवाय चित्रावर केलेली कृती दुसऱ्याला लिहून देता येत नाही. ओळ लिहून देता येते, तपासता येते, उद्या पुन्हा चालवता येते. 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे, आणि अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हा ही विद्या जुनी आहे, पण कालबाह्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत विचारले तरी ती हवी ती ओळ लिहून देते, मग आपण शिकायचे कशाला? मी म्हणतो, म्हणूनच शिकायचे. ओळ लिहिण्याचे श्रम स्वस्त झाले की ती वाचण्याचे मोल वाढते. अर्ज लिहून देणारा लेखनिक मिळाला म्हणून न वाचता सही करणारा शहाणा ठरत नाही. एंटरची कळ ही आपली सही आहे. ओळ कोणीही लिहिलेली असो, परिणाम सही करणाऱ्याच्या यंत्रावर होतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मोठ्याने बोलत नाही, पण अनेकांच्या मनात असते. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेला, खेड्यातला विद्यार्थी प्रयोगशाळेत मागच्या यंत्रावर बसतो. त्याला वाटते, हे इंग्रजीवाल्यांचे काम. त्याला मुद्दाम सांगितले पाहिजे, की ‘ग्रेप’, ‘ऑक’, ‘टी-आर’ हे इंग्रजी भाषेतले शब्दच नव्हेत. ‘ग्रेप’ हे नाव ‘ई-डी’ या जुन्या संपादक प्रोग्रॅममधील एका आज्ञेवरून पडले. ‘ऑक’ ही 1977 सालची आज्ञा. तिच्या नावात आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांची आद्याक्षरे आहेत. इंग्रजी माध्यमातला विद्यार्थीही ती पहिल्या दिवशी तुमच्याइतकीच अनोळखी म्हणून शिकतो. येथे उच्चार ऐकून कोणी हसत नाही. यंत्र फक्त विचाराचा क्रम पाहते. आमच्या मुलांना बरोबरीने उभे राहता येईल अशा ज्या थोड्या जागा आहेत, त्यांतली ही एक. ती जागा आपण टिपा लिहिण्याच्या प्रश्नाखाली पुरून टाकतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मग करावे काय? मोठ्या सुधारणेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्राध्यापकांनी प्रात्यक्षिक परीक्षेत आज्ञेची व्याख्या विचारण्याऐवजी एक अनोळखी फाइल आणि एक साधा प्रश्न द्यावा, आणि विद्यार्थ्याने साखळी एकेक कडी जोडत, प्रत्येक कडीनंतर काय दिसते ते दाखवत उत्तराकडे जावे. प्रयोगवहीत तयार ओळ उतरवली असेल तर तिच्याखाली प्रत्येक कडीचा अर्थ मराठीत किंवा कन्नडमध्ये एकेका वाक्यात लिहिण्याची सक्ती असावी. ज्या कडीचे वाक्य लिहिता येत नाही, ती ओळ चालवायची नाही. आणि वर्षातून एकदा, ज्यात काही महत्त्वाचे नाही अशा यंत्रावर, मुलांना मुद्दाम फाइली पुसू द्याव्यात आणि राखीव प्रतीवरून परत आणायला लावाव्यात. राखीव प्रत आहे असे म्हणणे आणि ती परत आणून पाहणे यांतले अंतर किती मोठे असते, ते वर सांगितलेल्या प्रसंगांनी दाखवलेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापुरते सांगायचे तर आज सायंकाळी एवढेच करा. या अंकातील दोन्ही विभागांचा मजकूर मिळवा, वर दिलेली शब्दमोजणीची साखळी एका वेळी एकच कडी जोडत चालवा, आणि प्रत्येक कडीपाशी थांबून स्वतःला विचारा : आता पुढच्या आज्ञेच्या हाती नेमके काय जाणार आहे? उत्तर आले तर पुढची रेघ ओढा. नाही आले, तर एंटर दाबू नका.